टू-वे काढून साधं बटण बसवायचंय? आधी दोन्ही टोकं उघडा

जिन्याच्या दिव्याचं टू-वे बटण (एकच दिवा दोन जागांवरून चालू-बंद करणाऱ्या जोडीतलं एक) काढून तिथे साधं बटण बसवलं, की पुढची तक्रार ठरलेली असते: "दिवा कधी लागतो, कधी लागतच नाही." बटण नवं, बल्ब नवा, तरी खालून दाबून काही होत नाही. मग वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जाता-येता वरचं बटण दाबतं आणि दिवा शहाण्यासारखा चालू लागतो. यात नव्या बटणाचा काही दोष नसतो. जोडीतलं एक बटण बदललं आणि दुसऱ्याकडे कुणी पाहिलंच नाही, एवढंच झालेलं असतं.

नाशिकमध्ये या कामाची गरज बऱ्याच घरांत पडते. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडची रो हाऊसेस घ्या किंवा सिडकोतली वर मजला चढवलेली घरं घ्या. खाली मालक, वर भाडेकरू, मध्ये जिना आणि जिन्याच्या दिव्याला दोन बटणं. वरच्यांचं मीटर वेगळं झालं, की दिवा खालच्या बिलात आणि बटण वरच्यांच्या हातात, असा प्रकार सुरू होतो. कुठे गच्चीच्या दाराशेजारचं बटण दर पावसाळ्यात ओल धरून गंजतं, कुठे बेडजवळचं बटण नव्या कपाटामागे जातं. कारण काहीही असो, कामाची रीत एकच.

स्क्रू पिळायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो कुठली वायर कुठली हे ठरवण्यात, आणि नेमका तिथेच लोक घाई करतात.

हे काम तुम्ही करावं का?

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरातल्या वायरिंगमधले बदल आणि दुरुस्त्या परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यायच्या असतात. जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू बदलायला सूट आहे. टू-वेची जोडणी मोडून एकेरी करणं हे नुसत्या बटण-बदलीच्या एक पाऊल पुढचं काम आहे. म्हणून माझं मत असं: यापूर्वी बोर्ड उघडून काम केलं नसेल, तर जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. पण हा लेख वाचून त्याच्याशेजारी उभे राहा. घाईतला वायरमनसुद्धा दुसरं टोक न उघडता निघून जातो, तेव्हा "वरचा बोक्स नाही उघडायचा का?" एवढं विचारता आलं पाहिजे.

अपार्टमेंटमध्ये दाराबाहेरच्या जिन्याचा दिवा बहुतेक वेळा सोसायटीच्या कॉमन मीटरवर असतो. तुमच्या घरातला मेन बंद करून तो मरत नाही. त्या बटणाला हात लावू नका, ते काम सोसायटीचं.

१. सर्किट कागदावर काढा

साध्या बटणाला दोन स्क्रू असतात. ते वायर जोडतं किंवा तोडतं. टू-वेला तीन स्क्रू असतात आणि ते तोडत नाही, मनमाडला गाडीचा सांधा बदलतात तसा रस्ता बदलतं. कॉमन, म्हणजे सामाईक, स्क्रूवर आलेली वीज एका बाजूच्या स्क्रूकडे जाते किंवा दुसऱ्या बाजूच्या.

नेहमीच्या जोडणीत अशी साखळी असते: फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, येतो पहिल्या बटणाच्या कॉमनवर. त्याच्या बाजूच्या दोन स्क्रूंवरून दोन वायरी पाइपातून दुसऱ्या बटणाच्या बाजूच्या दोन स्क्रूंवर जातात. या दोघींना इथे जोडवायरी म्हणू. दुसऱ्या बटणाच्या कॉमनवरून एक वायर दिव्याकडे जाते. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, दोन्ही बटणांकडे फिरकतही नाही, तो थेट दिव्याला जातो.

म्हणजे एक बटण फेजच्या टोकाचं आणि दुसरं दिव्याच्या टोकाचं. दिसायला दोन्ही सारखीच. काम करताना मात्र दोघांची वागणूक वेगळी, आणि कुठलं कुठलं हे न कळता पुढे गेलात तर फसलात. वहीच्या पानावर हे चित्र काढा आणि पान जवळ ठेवा, पुढे त्याच्यावरच खुणा करायच्या आहेत.

२. सामान आणा, पण आत्ताच्या प्लेटचा फोटो सोबत न्या

दिव्यासाठी ६ अँपिअरचं, आयएसआय मार्कचं एक साधं बटण पुरतं. गिझरच्या पॉइंटचं १६ अँपिअरचं आणायची गरज नाही. मॉड्युलर बटण एका कंपनीचं आणि फ्रेम दुसऱ्या कंपनीची असेल तर खाच बसत नाही, आणि बसवलंच तर सैल राहतं. आत्ताच्या प्लेटचा फोटो दुकानात दाखवा. जुन्या घरात सनमायकाचा बोर्ड आणि पियानो बटणं असतील, तर त्याच मापाचं पियानो बटण मिळतं.

गंमत अशी, की बटण विकत घ्यायची गरज कदाचित नसेलही. टू-वे बटणाचा कॉमन आणि बाजूचा कुठलाही एक स्क्रू वापरला, तिसरा रिकामा ठेवला, की तेच साधं बटण होतं. जुनं बटण धडधाकट असेल तर तेच ठेवा. बरेच वायरमन मुळातच एकेरी पॉइंटला टू-वे बटण लावून जातात, कारण त्या वेळी पिशवीत तेच असतं. त्यामुळे उघडल्यावर तीन स्क्रू दिसले आणि वायरी दोनच, तर तुमचं काम आणखी सोपं: ते आधीपासून एकेरीच आहे, वीज बंद असतानाच दोन वायरी नव्या बटणावर घ्या आणि थेट दहाव्या, तपासणीच्या टप्प्यावर जा.

बंद होणाऱ्या टोकासाठी ब्लँक मॉड्यूल (बटणाची जागा झाकणारा कोरा तुकडा) किंवा पूर्ण ब्लँक प्लेट लागेल. शिवाय स्क्रूचे प्लास्टिक कनेक्टर, इन्सुलेशन टेप, खुणांसाठी कागदी चिकटपट्टी आणि पेन, चांगला टेस्टर, आवाज देणारा मल्टीमीटर, इन्सुलेटेड मुठीचा पेचकस, वायर सोलायचं स्ट्रिपर. दाताने किंवा ब्लेडने वायर सोलू नका. ब्लेडची चीर तांब्यावर पडली की वायर तिथेच, महिनाभराने का होईना, मोडते.

३. वीज खरोखर बंद करा

या टप्प्यावर नाशिककरांचा एक लाडका घोटाळा आहे: "लाईट गेलीच आहे, तोवर उरकून घेऊ." महावितरणची वीज गेली म्हणजे तुमचं घर बंद झालं असं नव्हे. ती कोणत्या क्षणी येईल हे तुमच्या हातात नाही, आणि तेव्हा वायर तुमच्या हातात असेल.

फक्त जिन्याचा एमसीबी (त्या सर्किटचा मेन बोर्डातला स्विच) पाडूनही भागत नाही. त्याच प्लेटवर शेजारची बटणं दुसऱ्या एमसीबीवरची असू शकतात. मोठ्या बंगल्यात थ्री फेज असेल तर एकाच बोर्डात दोन वेगळे फेज येऊ शकतात आणि त्यांच्यातलं अंतर २३० नव्हे, ४०० व्होल्टच्या वरचं असतं. म्हणून पूर्ण मेन बंद करा. वर-खाली वेगळी मीटरं असतील तर दोन्ही मेन बंद. भाडेकरूंना आधी सांगा, त्यांचा फ्रीज, त्यांचं ऑनलाइन काम, सगळं असतं.

मग इनव्हर्टर. मेन पाडला की इनव्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानदारीने त्याच दिव्यांना वीज देऊ लागतो. जिन्याचा दिवा हमखास इनव्हर्टरवर असतोच. म्हणून मेन पाडल्यावर इनव्हर्टरचं पुढचं बटणही बंद करा. उलटं, फक्त इनव्हर्टरचं बटण बंद करून मेन चालू ठेवला तर बरेच इनव्हर्टर वीज नुसती पुढे सोडतात. दोन्ही बंद हवेत. छतावर बॅटरीवाला सोलर असेल तर त्याचाही आउटपुट बंद करा.

मेनवर कागद चिकटवा: "काम चालू आहे, लावू नका." घरात लहान मुलं किंवा मदतीला धावणारे आजोबा असतील तर एक माणूस मेनपाशी उभाच ठेवा.

*तपासा:* मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू प्लगवर लावून पेटतो का पाहा. मेन बंद झाल्यावर त्याच प्लगवर विझला पाहिजे. मग जिन्याचा दिवा, शेजारची बटणं, प्लग, सगळं दाबून पाहा.

*सावध:* ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्याला काही कळत नाही. तो फक्त जमिनीकडे गळणारा करंट ओळखतो.

४. दोन्ही बोक्स उघडा आणि फोटो काढा

वरची प्लेट सोडवा, फ्रेमचे स्क्रू काढा, बटणांसकट फ्रेम सावकाश बाहेर ओढा. वायरी ताणू नका. कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी प्रत्येक स्क्रूवर टेस्टर लावा.

जुन्या घरात वायर ॲल्युमिनियमची निघाली, म्हणजे चांदीसारखी, मऊ आणि एकदा वाकवल्यावर चिरणारी, तर इथेच थांबा. ॲल्युमिनियम आणि तांबं पिळून जोडायचं नसतं आणि जुनी ॲल्युमिनियम वायर दोन-तीनदा वाकवली की भिंतीच्या आतच तुटते. वायरमनला बोलवा.

आता बटणाच्या पाठीकडे नीट बघा. कॉमन स्क्रूच्या भोकात कधी एक नाही, दोन वायरी असतात. एक फेज घेऊन येते, दुसरी तोच फेज शेजारच्या बटणाकडे नेते, म्हणजे लूप. ही जोडगोळी सुटली की जिन्याचं काम होतं, पण शेजारचा पंखा मरतो आणि मग आणखी एक वायरमन. भोकाच्या कडेला काळपट डाग किंवा प्लास्टिक वितळल्याची घडी दिसली तर तो स्क्रू सैल होता. तेवढी वायर कापून ताजं तांबं काढावं लागेल.

तीनऐवजी चार स्क्रू असलेलं बटण दिसलं, किंवा जिन्यावर तिसरीकडेही बटण असेल, तर ते मधलं इंटरमीजिएट बटण. ती वेगळी जोडणी आहे, या लेखाने करू नका.

प्रत्येक बोक्सचे दोन फोटो काढा, समोरून आणि बाजूने. रंगांवर विसंबू नका. नियमाने फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. प्रत्यक्षात टू-वेच्या दोन्ही जोडवायरी लालच निघतात, कारण गुंडाळी लाल होती. कधी काळ्या वायरमध्ये फेजही खेळतो.

५. फेजचं टोक कुठलं ते ओळखा

बोर्ड उघडा असताना वीज चालू ठेवून करायचा एवढाच टप्पा आहे, त्यामुळे शांतपणे. मनाला पटत नसेल तर इथूनच वायरमनकडे सोपवा.

वायरी बटणावरच असू द्या, काही सोडवू नका. उघडी तांब्याची टोकं बोक्सला किंवा एकमेकांना टेकत नाहीत ना ते बघा. बल्ब होल्डरमध्ये असू द्या. पायात कोरड्या चपला, एक हात खिशात, दुसऱ्या हातात टेस्टर. मेन आणि इनव्हर्टर चालू करा आणि टेस्टर फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. चपला जाड असतील किंवा जिन्यात ऊन असेल तर टेस्टरमधल्या निऑन दिव्याचा उजेड फिका दिसतो, हाताने आडोसा करा.

दोन्ही बटणांच्या चारही जोड्या करून पाहा: दोन्ही वर, दोन्ही खाली, एक वर एक खाली, आणि उलट. ज्या बटणाच्या कॉमनवर टेस्टर चारही वेळा लख्ख पेटतो, ते फेजचं टोक. दुसऱ्या बटणाच्या कॉमनवर तो फक्त दिवा लागलेला असताना पेटतो, ते दिव्याचं टोक. बाजूच्या स्क्रूंवर उजेड इकडून तिकडे उडी मारत राहील, त्यात गोंधळायचं कारण नाही. जोडवायरी एकमेकींना चिकटून पाइपातून जातात, त्यामुळे बंद वायरीवरही टेस्टर अंधूक मिणमिणतो आणि डिजिटल मल्टीमीटर काहीतरी व्होल्टेज दाखवतो. लख्ख तेवढंच मोजा.

कॉमन बहुतेक बटणांत मधला स्क्रू असतो, पण सगळ्यांत नाही. बटणाच्या पाठीवरची खूण बघा. खूण नसेल तर वीज बंद करून बटण सुटं केल्यावर मल्टीमीटर लावा: बटण कुठेही असलं तरी ज्या स्क्रूची दोघांपैकी एकाशी जोड मिळतेच, तो कॉमन.

*थांबा:* दोन्ही बटणांपैकी कुठल्याही एकाच्या *बाजूच्या* स्क्रूवर टेस्टर चारही वेळा लख्ख पेटत असेल, तर तुमच्या घरी जुन्या पद्धतीची जोडणी आहे. त्यात एका बाजूच्या स्क्रूवर फेज आणि दुसऱ्या बाजूच्या स्क्रूवर न्यूट्रल दिलेला असतो आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये असतो. वायर वाचवण्यासाठी कुणीतरी केव्हातरी केलेला उद्योग. तिथे बाजूच्या दोन वायरी साध्या बटणाच्या दोन स्क्रूंवर घेतल्यात, तर बटण दाबताच फेज-न्यूट्रल थेट भिडतील आणि शॉर्ट सर्किट होईल. मेन आणि इनव्हर्टर बंद करा, सगळं जसंच्या तसं आत ढकला, वायरमनला बोलवा.

ओळख पटली की त्याच स्क्रूंवर टेस्टर धरून दुसऱ्याला मेन आणि इनव्हर्टर बंद करायला सांगा. नुकताच ज्या स्क्रूवर तो पेटला होता तिथेच विझताना पाहिला, ही वीज बंद झाल्याची सगळ्यात भरवशाची खूण.

६. कुठलं बटण ठेवायचं?

सोयीचा विचार आधी मनात येतो, पण निर्णय वायरिंगवरून घ्या. जमेल तिथे फेजच्या टोकाचं बटण ठेवा आणि दिव्याच्या टोकाचं बंद करा. मग बटण बंद असताना बंद केलेल्या बोक्समध्ये जिन्याच्या दिव्याची वीजच राहत नाही. उलटं केलंत, तर ब्लँक प्लेटच्या मागे फेजचा जोड कायमचा जिवंत राहतो. चुकीचं नाही, पण पुढे त्या भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला कळणार कसं?

वर-खाली वेगळी मीटरं असतील तर हा पर्याय जवळजवळ सक्तीचाच समजा. खालच्या मीटरचा फेज खालच्या बटणावर येत असेल तर खालचंच ठेवा. वरचं ठेवलंत, तर वरच्यांनी आपला मेन बंद केला तरी त्यांच्या बोर्डात तुमच्या मीटरचा फेज खेळत राहील. उद्या त्यांचा वायरमन निर्धास्तपणे हात घालेल.

७. वायरींना नावं द्या

चिकटपट्टीच्या तुकड्यांवर लिहून प्रत्येक वायरीला लावा: फेजच्या टोकाला "फेज" आणि दोन जोडवायरींना "ज-१", "ज-२". दिव्याच्या टोकाला "दिवा" आणि बाकीच्या दोघी. आता वायरी सोडवा.

दिव्याच्या टोकाच्या दोघींपैकी "ज-१" कुठली? दोन्ही लाल असतील तर डोळ्यांनी कळणार नाही. एक लांब सुटी वायर जिन्यावरून खाली सोडा, तिचं एक टोक खाली "ज-१" ला, दुसरं टोक वर मल्टीमीटरच्या एका पिनेला. दुसरी पिन वरच्या दोघींना आळीपाळीने लावा, आवाज येईल ती "ज-१". हे टाळून अंदाजाने जोडणी केली, तर पन्नास टक्के वेळा दिवा लागणारच नाही आणि तुम्ही नव्या बटणाला दोष देत बसाल.

८. जोडणी

फेजचं टोक ठेवत असाल तर:

दिव्याच्या टोकाला "दिवा" आणि "ज-१" यांना कनेक्टरने जोडा. "ज-२" च्या टोकाला वेगळी, घट्ट टेप, वर कागदी खूण: "मोकळी".
फेजच्या टोकाला "फेज" नव्या बटणाच्या एका स्क्रूवर, "ज-१" दुसऱ्या स्क्रूवर. फेजमध्ये लूपची दुसरी वायर असेल तर दोघी मिळून त्याच भोकात. "ज-२" इथेही टेप करून मोकळी.

दिव्याचं टोक ठेवायचंच असेल तर:

फेजच्या टोकाला "फेज" आणि "ज-१" कनेक्टरने जोडा. लूपची वायर असेल तर तीही याच जोडात, नाहीतर शेजारचे पॉइंट बंद. "ज-२" ला टेप.
दिव्याच्या टोकाला नव्या बटणाच्या एका स्क्रूवर "ज-१", दुसऱ्यावर "दिवा". "ज-२" ला टेप.

वायर साधारण ८ ते १० मिलिमीटर सोला. बारीक तारांची वायर असेल तर तारा पिळून घ्या, एकही तार बाहेर फुटलेली नको. भोकात घातल्यावर प्लास्टिकचं आवरण स्क्रूच्या पत्रीखाली अडकू देऊ नका. ते अडकलं की स्क्रू घट्ट वाटतो, पण तांबं पकडलेलंच नसतं आणि थोड्याच दिवसांत तिथे गरम होऊ लागतं. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. दिव्याच्या पॉइंटची वायर बहुधा १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची असते, जोर लावून तिचा चुरा करायचा नाही.

नुसती पिळून टेप मारलेली जोडणी आपल्याकडे सर्रास चालते. चालते म्हणून करू नका. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि पावसाळ्यात ओल शिरते. कनेक्टरचा स्क्रू आवळा, त्याच्यावरून टेप मारली तरी हरकत नाही. जोड नेहमी बोक्समध्ये ठेवा, पाइपात ढकलू नका.

*सावध:* "ज-२" चं एकच टोक झाकून दुसरं उघडं सोडू नका. आत्ता ती कशालाच जोडलेली नाही, पण उद्या कुणीतरी एका टोकाला काहीतरी जोडलं की दुसरं टोक तुमच्या बोक्समध्ये उघडं जिवंत होईल. ती कापून आखूडही करू नका. पुन्हा टू-वे करावंसं वाटलं तर हीच वायर कामाला येते.

९. बंद बोक्स बुजवू नका

दिवाळीच्या रंगकामात पेंटरला मोकळा बोक्स दिसला की तो पुट्टी भरून सपाट करतो. मग आतला जोड कायमचा भिंतीत. ब्लँक प्लेट लावा आणि पेंटरला ती रंगाच्या आधी काढून नंतर लावायला सांगा, प्लेटवरूनच रंग मारला की ती पुढे निघत नाही.

बोक्सचा कान तुटला असेल, म्हणजे फ्रेमचा स्क्रू फिरत राहतो आणि पकडत नाही, तर आत लाकूड कोंबू नका, बोक्स बदलून घ्या. गच्चीजवळच्या बोक्समध्ये गंज आणि ओलीचा पांढरा थर असेल, तर बटण हलवून उपयोग नाही. पावसाळ्याच्या आत गच्चीची गळती बंद करा, नाहीतर तुमचा नवा जोडही त्याच वाटेने जाईल.

१०. चालू करा आणि तपासा

प्लेटा लावून मग मेन, मग इनव्हर्टर. बटण दाबा: दिवा लागायला हवा, पुन्हा दाबलं की विझायला हवा. मग शेजारचे सगळे पॉइंट, पंखे, प्लग तपासा. मेन बंद करून इनव्हर्टरवरही एकदा बघा.

शेवटची आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी: मेन पुन्हा चालू करा, बटण बंद ठेवून होल्डरमधला बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांवर टेस्टर लावा. कुठेही लख्ख पेटता कामा नये. पेटला, तर बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय. दिवा विझेल, पण बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसेल. जिन्याचा दिवा उंच असतो, मधल्या पायरीवर शिडी लावताना दुसऱ्याने धरायलाच हवी. वेळ पडली तर हे वायरमनवर सोडा.

लक्षणं आणि कारणं

*दिवा कधी लागतो, कधी नाही:* दुसऱ्या टोकाचं टू-वे बटण अजून जागेवर आहे आणि नव्या बटणावर फक्त एक जोडवायर घेतली आहे. वरचं बटण त्या जोडवायरीवर असेल तेव्हाच दिवा लागतो.

*बटण बंद करूनही दिवा चालूच, पण वरचं दाबलं की ताब्यात येतो:* फेज आणि एक जोडवायर चुकून एकाच भोकात गेली. तीन वायरी, दोन भोकं, मग दोघींना एकत्र कोंबलं की असं होतं.

*खालचं बटण चालतं, वरचं दाबून काहीच होत नाही:* दोन्ही जोडवायरी मिळून एका भोकात आहेत. दिवा चालेल, पण वर एक नकली बटण आणि त्याच्यामागे जिवंत वायरी राहतात. वरचं टोक उघडून आठव्या टप्प्याप्रमाणे करा.

*दिवा चालतो पण बटण उलटं वाटतं:* टू-वे बटणच साधं म्हणून वापरलंय. वीज बंद करून बाजूची वायर रिकाम्या स्क्रूवर हलवा.

*बंद असताना एलईडी मिणमिणतो:* बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा बारीक करंट पुरतो. साधं, इंडिकेटर नसलेलं बटण लावा. तरीही मिणमिणत असेल तर वरची होल्डरची तपासणी करून घ्या.

*जिन्याचा दिवा लावला की आरसीसीबी पडतो:* फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. हे तुमच्या बटणाने झालेलं नसतं, मूळ वायरिंगमध्येच असतं. आरसीसीबी काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. न्यूट्रल त्याच मीटरवर आणायचं काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, आणि तोवर तो दिवा बंदच ठेवा.